ऐकून घेणं आणि ऐकणं: कॅथोलिक चर्चमध्ये उपेक्षितांना जागा कशी मिळते

यरीहोच्या वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला एक आंधळा भिकारी बसला होता. मार्कच्या शुभवर्तमानात त्याचं नाव येतं, बार्तीमय. येशू त्या वाटेनं चाललाय असं कानावर आलं तसा तो मोठ्यानं हाका मारायला लागला. त्याला गप्प बसवलं ते येशूबरोबर चालणाऱ्या लोकांनीच. तो आणखी जोरात ओरडला. येशू थांबला, "त्याला बोलवा" म्हणाला. अंगावरचा झगा टाकून बार्तीमय उठला आणि समोर आला, तेव्हा येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं?

आंधळ्या माणसाला काय हवं असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तरी त्यानं विचारलं. उपेक्षितांना चर्चच्या जीवनात सामावून घेण्याबद्दल जगभर जी चर्चा चालू आहे, तिचा सगळा गाभा मला या एका प्रश्नात दिसतो. दटावणारी गर्दी बाहेरची नव्हती, श्रद्धावंतांचीच होती, हेही विसरून चालत नाही.

आपल्या भाषेत 'ऐकणं' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. "तो माझं ऐकत नाही" असं आई मुलाबद्दल म्हणते, तेव्हा मुलाचे कान ठीक असतात. त्याच्या वागण्यात फरक पडत नाही, एवढंच तिला सांगायचं असतं. आणि "साहेबांनी ऐकून घेतलं" असं आपण म्हणतो, तेव्हा पुढे काही होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. चर्चनं उपेक्षितांना ऐकून घेतलं की त्यांचं ऐकलं, ही खरी मेख आहे.

उपेक्षित म्हणजे नेमके कोण? यादी लांब आहे, पण तिच्यात दोन वेगळे गट आहेत आणि ते एकत्र कालवले की गोंधळ होतो. पहिला गट समाजानं कडेला ढकललेल्यांचा: गरीब, बेघर, स्थलांतरित, निर्वासित, कैदी, अपंगत्व असलेले, एकाकी वृद्ध. यांच्यासाठी चर्चनं शतकानुशतकं दवाखाने, शाळा, अनाथालयं चालवली. दुसऱ्या गटाला आपण चर्चमुळेच, किंवा चर्चमध्येच, कडेला पडलो असं वाटतं: घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेले, एकल माता, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती, धर्मगुरूंच्या हातून लैंगिक अत्याचार सोसलेले, चर्चच्या वसतिशाळांत भाषा आणि आईबाप हिरावले गेलेले आदिवासी. संख्येनं निम्म्याहून कमी नसूनही निर्णयाच्या खोलीत क्वचित दिसणाऱ्या स्त्रियाही त्यात आल्या. पहिल्या गटाला मदत केल्यावर संस्थेला बरं वाटतं. दुसऱ्या गटाचं ऐकायचं तर आधी आपली चूक ऐकावी लागते, म्हणून ते अवघड जातं.

आता चर्चमध्ये निर्णय कसे होतात ते थोडक्यात पाहू. गावपातळीवर किंवा वस्तीपातळीवर धर्मग्राम असतो, म्हणजे पॅरिश. त्याची जबाबदारी एका धर्मगुरूकडे असते. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो, त्याचा प्रमुख बिशप. सर्वांत वर पोप. लग्न करून संसार करणारे, नोकरीधंदा करणारे सामान्य श्रद्धावंत म्हणजे प्रापंचिक. कॅथोलिकांत प्रचंड बहुसंख्या त्यांचीच आहे. कायद्यात त्यांच्या बोलण्याला स्थान नाही असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतलं २१२ वं कलम म्हणतं की चर्चच्या हिताबद्दल आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि काही वेळा ते त्यांचं कर्तव्यही आहे.

हक्क आहे, पण तो वापरायची जागा कुठे? इथे त्याच संहितेतली दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. कलम ५३७ सांगतं की प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक व्यवहारांसाठी समिती असलीच पाहिजे. कलम ५३६ धर्मग्रामाच्या एकूण जीवनाचा विचार करणाऱ्या परिषदेबद्दल आहे. ती बिशपला योग्य वाटलं तर नेमायची आणि तिनं फक्त सल्ला द्यायचा. पैशाची समिती सक्तीची आणि माणसांची ऐच्छिक, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोन्ही कलमं पुन्हा वाचून खात्री करून घेतली होती.

परंपरा मात्र याहून उदार आहे. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती मंडळीतलं पहिलं मोठं गाऱ्हाणं येतं. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जात होतं. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सात जण निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच, सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं असावं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम लिहिले. महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तेव्हा मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण जे अधिक बरं ते देव अनेकदा सर्वांत लहान माणसाला सुचवतो, असं तिसऱ्या प्रकरणात आहे.

पुढे कित्येक शतकं चर्चची बांधणी शिडीसारखी होत गेली. जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि तिनं शब्दच बदलले. चर्च म्हणजे आधी 'देवाची प्रजा', बाप्तिस्मा झालेले सगळे, आणि मग त्या प्रजेच्या सेवेसाठी बिशप आणि धर्मगुरू. श्रद्धावंतांच्या अख्ख्या समूहाला श्रद्धेची एक उपजत जाण असते, असंही परिषदेनं मांडलं. ऐकण्यामागची धर्मशास्त्रीय भूमिका ती हीच. गरिबाचं ऐकायचं ते दया म्हणून किंवा लोकशाहीची फॅशन म्हणून नव्हे. देव त्याच्याही तोंडून बोलत असेल, आणि आपण ऐकलं नाही तर त्या बोलण्याला मुकू, म्हणून ऐकायचं. लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी १९६८ मध्ये मेडेयीनला आणि १९७९ मध्ये प्वेब्लाला हाच धागा पुढे नेऊन गरिबांना अग्रक्रम दिला. २०१३ मध्ये पोप झालेल्या फ्रान्सिस यांनी त्याच वर्षीच्या आपल्या उपदेशपत्रात लिहिलं की गरिबांकडे आपल्याला शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, त्यांच्याकडून शुभवार्ता आपण घ्यायला हवी.

मदत करणं आणि माणूस म्हणून जागा देणं यातला फरक एका फ्रेंच धर्मगुरूनं फार लवकर ओळखला. जोसेफ व्रेसिन्स्की स्वतः गरिबीत वाढलेले. १९५६ मध्ये ते पॅरिसजवळच्या न्वाझी-ल-ग्रां इथल्या बेघर कुटुंबांच्या छावणीत राहायला गेले. तिथे रोज फुकट सूप वाटलं जाई. ते त्यांनी बंद केलं आणि वाचनालय आणि बालवाडी उभारली. भुकेल्यांसमोरून सूप उचलणं क्रूर वाटेल. पण रांगेत वाडगं घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला कुणी कधी काही विचारत नाही, हे रांगेत उभं राहिलेल्यालाच कळतं.

आता सिनडकडे वळू, कारण गेल्या काही वर्षांत हा शब्द सतत कानावर येतोय. सिनड म्हणजे मूळ ग्रीक अर्थानं एका वाटेनं बरोबर चालणं. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी बिशपांची सिनड सुरू केली. ठरावीक काळानं बिशप रोमला जमत आणि एखाद्या विषयावर पोपना सल्ला देत. फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केलेली सिनड वेगळी होती. तिची सुरुवात रोमच्या सभागृहात करायची नव्हती, धर्मग्रामांत करायची होती. स्त्रिया, अपंग, निर्वासित, स्थलांतरित, वृद्ध, गरीब आणि चर्चला फारसं न येणारे यांच्यापर्यंत मुद्दाम पोहोचा, असं तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच सांगितलं होतं. जगातल्या ११४ बिशप परिषदांपैकी ११२ नी आपापले अहवाल पाठवले.

ते अहवाल एकत्र करून ऑक्टोबर २०२२ मध्ये एक दस्तऐवज निघाला. त्याला मथळा बायबलमधल्या यशयाच्या ५४ व्या अध्यायातला होता, आपल्या तंबूची जागा वाढव. चर्चमध्ये आपल्याला जागा नाही असं कुणाला वाटतं, तेही त्यात नावानिशी आलं: पुनर्विवाहित घटस्फोटित, एकल पालक, बहुपत्नीक विवाहात राहणारे, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर. बहुपत्नीक विवाहाचा उल्लेख वाचून काही वाचक चकित होतील. पण आफ्रिकेतल्या कित्येक धर्मगुरूंपुढे तोच रोजचा प्रश्न असतो. परिघ प्रत्येक खंडात वेगळा असतो.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. अगदी कडेच्या लोकांपर्यंत आम्ही पुरेसे पोहोचलो नाही, असं अनेक देशांच्या अहवालांनी स्वतःच लिहिलंय. सभेची सूचना चर्चच्या फलकावर लावली की ती चर्चमध्ये येणाऱ्यांनाच दिसते. जो येणंच सोडून बसलाय, त्याला ती कशी दिसणार?

ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅटिकनला जी दोन अधिवेशनं झाली, त्यांतली बसण्याची पद्धत बारकाईनं पाहण्यासारखी आहे. जुन्या सिनडमध्ये सभागृहात मानाप्रमाणे चढत्या रांगा असत. आता गोल मेजं मांडली होती. एका मेजाभोवती दहा-बारा जण, त्यांत कार्डिनल (पोपखालोखाल मानाचे धर्मगुरू), धर्मभगिनी, प्रापंचिक तरुण, सगळे शेजारी शेजारी. बोलण्याचे तीन फेरे. पहिल्या फेऱ्यात प्रत्येकानं ठरलेल्या वेळात आपलं सांगायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. मग काही मिनिटं शांतता आणि प्रार्थना. दुसऱ्या फेऱ्यात स्वतःचा मुद्दा पुढे रेटायचा नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं तेवढंच सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेऱ्यात सगळ्यांनी मिळून काय हाती लागलं ते मांडायचं, मतभेद असले तर तेही लिहायचे. दुसरा फेरा सर्वांत कठीण जातो. वाद घालायची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडून सांगायचं म्हणजे आधी ते नीट ऐकावं लागतं. २०२३ च्या अधिवेशनात मतदानाचा हक्क असलेल्या सुमारे ३६५ जणांत ५४ स्त्रिया होत्या. बिशपांच्या सिनडमध्ये स्त्रियांनी मत देण्याची ती पहिलीच वेळ.

पद्धत कितीही चांगली असली तरी ऐकणाऱ्यानं आधीच मन बनवलं असेल तर काय होतं, याचं उदाहरण स्वतः पोप फ्रान्सिस यांचंच आहे. ते मला सविस्तर सांगावंसं वाटतं.

चिलीत फर्नांदो करादिमा नावाच्या वजनदार धर्मगुरूनं मुलांवर आणि तरुणांवर अत्याचार केले होते. बिशप हुआन बारोस यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी त्यावर पांघरूण घातलं, असं पीडित सांगत होते. बारोस यांनी ते नाकारलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सिस चिलीला गेले असताना पत्रकारांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की पुरावा आणा, मग बोलेन, हा सगळा खोटा आळ आहे. पीडितांच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं. पोपच्या जवळचे कार्डिनल शॉन ओमॅली यांनी उघडपणे सांगितलं की या शब्दांनी पीडितांना फार वेदना झाल्या असणार. परतीच्या विमानात फ्रान्सिस यांनी 'पुरावा' या शब्दाबद्दल माफी मागितली, मत मात्र बदललं नव्हतं.

मग त्यांनी माल्टाचे आर्चबिशप चार्ल्स शिक्लुना आणि त्यांच्यासोबत जॉर्दी बेर्तोमेउ या धर्मगुरूंना चौकशीला पाठवलं. दोघांनी ६४ जणांचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि २३०० पानांचा अहवाल दिला. तो वाचल्यावर एप्रिलमध्ये पोपनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहिलं. परिस्थिती जोखण्यात आपल्या हातून गंभीर चुका झाल्या, असं त्यात स्पष्ट होतं. हुआन कार्लोस क्रूस, जेम्स हॅमिल्टन आणि होसे आंद्रेस मुरीयो या तिघा पीडितांना त्यांनी व्हॅटिकनमधल्या आपल्याच निवासगृहात उतरवलं आणि प्रत्येकाशी एकेकट्यानं बसून बोलले. मे महिन्यात चिलीच्या सगळ्या बिशपांनी राजीनामे पुढे केले. जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा मंजूर झाला. आणि ज्या क्रूस यांचं बोलणं आधी खोटा आळ ठरवलं गेलं होतं, त्यांनाच २०२१ मध्ये मुलांच्या संरक्षणासाठीच्या पोपच्या आयोगावर घेतलं गेलं.

हा शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माफी मागितली, अश्रू पुसले, इथे बहुतेक संस्था थांबतात. ज्यानं सोसलं त्याला निर्णयाच्या मेजावर खुर्ची देणं ही त्यापुढची पायरी.

कॅनडातल्या आदिवासींना माफीची ही पहिली पायरी गाठायलाच वर्षं लागली. चर्चनं चालवलेल्या अनेक वसतिशाळांत त्यांची मुलं आईबापांपासून तोडून ठेवली जात होती. तिथल्या सत्यशोधन आयोगानं २०१५ मध्ये मागणी केली की पोपनी कॅनडाच्या भूमीवर येऊन माफी मागावी. माफी २०२२ च्या जुलैत आली, मास्क्वासिस इथे. त्याआधी त्याच वसंतात आदिवासींची शिष्टमंडळं रोमला येऊन आपल्या कहाण्या समोर बसून सांगून गेली होती.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. ऐकायचं म्हणजे जे मागितलं ते द्यायचं का? समलिंगी व्यक्तींचं ऐकलं तर विवाहाबद्दलची शिकवण बदलणार का? कॅथोलिक चर्चचं उत्तर आहे, नाही. ऐकणं हे मतदान नाही आणि शिकवण बहुमतानं ठरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना विधीविना साधा आशीर्वाद द्यायची मुभा व्हॅटिकननं दिली, तेव्हा विवाहाची व्याख्या तशीच राहील असं त्याच पत्रात बजावलं होतं. तरीही महिनाभरात आफ्रिकेच्या बिशपांनी आपल्याकडे हे करता येणार नाही असं कळवलं. ऐकायचं म्हटलं की आफ्रिकेचंही ऐकावं लागतं. दोन्हीकडचे लोक आपल्याला डावललं असंच म्हणतात. हा ताण खरा आहे आणि तो गोड बोलून मिटत नाही.

अ‍ॅमेझॉनचं उदाहरण असंच. तिथल्या सिनडसाठी आधी ८० हजारांहून अधिक लोकांशी बोलणं झालं. काही वस्त्यांत महिनोन्‌महिने धर्मगुरू पोहोचत नाही आणि मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, होत नाही. म्हणून विवाहित पुरुषांना धर्मगुरू करा, अशी शिफारस २०१९ च्या अधिवेशनानं बहुमतानं केली. पोपच्या २०२० च्या उत्तरपत्रात त्यावर होकारही नव्हता आणि नकारही. मला विचाराल तर नकारापेक्षा हे मौन जास्त लागतं. "नाही, आणि का नाही ते असं" एवढं ऐकायचा माणसाचा हक्क असतो.

२६ ऑक्टोबर २०२४ ला मंजूर झालेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजानं नेमकी हीच फट बुजवायचा प्रयत्न केलाय. अंतिम निर्णय बिशपचाच, पण सल्ला घेतलाच नाही असं समजून त्याला वागता येणार नाही. सगळ्यांनी मिळून जे ठरलं त्यापासून दूर जायचं तर तसं सबळ कारण हवं, आणि ते सांगावं लागेल. धर्मग्रामाच्या आणि धर्मप्रांताच्या परिषदा सक्तीच्या करा, त्यांत स्त्रिया, तरुण आणि गरीब किंवा परिघावरचे लोक घ्या, असंही त्यात आहे. स्त्रियांच्या नेतृत्वाबद्दलच्या ६० व्या परिच्छेदावर सर्वांत जास्त विरोधी मतं पडली, बाजूनं २५८ आणि विरोधात ९७. तरी तो दोनतृतीयांशाहून अधिक मतांनी टिकला. फ्रान्सिस यांनी त्यावर वेगळं पत्र न लिहिता हा दस्तऐवज जसाच्या तसा स्वीकारला. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले. नवे पोप चौदावे लिओ यांनी ती वाट सोडलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं त्यांचं पहिलं उपदेशपत्र गरिबांवरील प्रेमाबद्दलच होतं. हे सगळं कितपत अमलात आलं, ते पाहायला २०२८ मध्ये व्हॅटिकनला एक सभा भरायची आहे.

पण व्हॅटिकन दूर आहे. माणसाला आत किंवा बाहेर वाटतं ते आपल्या धर्मग्रामात, आणि बहुतेक वेळा फार छोट्या गोष्टींवरून. गव्हातलं ग्लूटेन ज्याला चालत नाही, त्याला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली भाकर, घेता येईल का? येईल. अत्यल्प ग्लूटेनची भाकर चालते, किंवा फक्त द्राक्षारस घेता येतो. पण हे रविवारी कुणी जाहीर करत नाही आणि तो माणूस बाकावर बसून राहतो. कर्णबधिर व्यक्ती खाणाखुणांच्या भाषेत पापनिवेदन करू शकते, पण ती भाषा येणारा धर्मगुरू शोधायचा कुठे?

मी एका धर्मग्रामात पाहिलेलं सांगतो. मुख्य दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी नवा उतार बांधला होता आणि सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. ज्यांच्यासाठी तो बांधला त्या बाई नियमित येत, पहिल्या बाकाशेजारी खुर्ची लावत. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी त्यांना सहज विचारलं, अजून काही हवंय का? त्या म्हणाल्या, "मला वाचन करायचंय." उपासनेत जिथून बायबल वाचतात त्या वाचनपीठाला तीन पायऱ्या होत्या. आत यायची सोय झाली होती, बोलायची नव्हती, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मग माईक खाली आणला आणि पुढच्या महिन्यापासून त्या वाचू लागल्या.

वर्षभरानं त्यांना धर्मग्रामाच्या परिषदेवर घेतलं. अपंगांची बाजू मांडायला एक जण हवी, असाच सगळ्यांचा हिशेब होता. पहिल्या बैठकीत त्या उतारांबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी कार्यालयातला बाप्तिस्म्याचा अर्ज पुढे ठेवला. त्यात वडिलांचं नाव भरणं सक्तीचं होतं, आणि त्यांच्या ओळखीची एक मुलगी बाळाला घेऊन त्या टेबलावरून परत गेली होती. धर्मगुरूंनी धर्मसंहिता काढली. कलम ८७७ मध्ये अविवाहित आईच्या बाळाची नोंद कशी करायची ते सरळ लिहिलेलं आहे, वडिलांच्या नावाशिवायही ती होते. अडवत होता तो कायदा नव्हताच, कुणीतरी कधीतरी छापून घेतलेला कागद होता.

तो अर्ज त्याच आठवड्यात बदलला. परत गेलेल्या मुलीच्या घरी जाऊन सांगायचं कुणी, यावर बैठकीत थोडा वेळ शांतता होती. मग त्या बाईच म्हणाल्या, "मी जाते. पण फादर, तुम्ही बरोबर या."